अकरावं पाऊल

“शेवटचं पाऊल संध्याकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी,” पाऊलशोध केंद्राच्या बागवान मॅडम म्हणाल्या, आणि ओजू खुर्चीच्या अगदी कडेला सरकली.

समोर भिंतीएवढ्या पडद्यावर कोल्हापूरचा नकाशा होता आणि त्यावर हिरव्या ठिपक्यांची माळ. एकेक ठिपका म्हणजे ताईचं एकेक पाऊल, सहा वर्षांपूर्वीचं. माळ व्हटकरांच्या चपलांच्या दुकानातून निघाली होती, बोळ ओलांडून मोठ्या रस्त्याला लागली होती, गंगावेशीतनं वळून पंचगंगेच्या घाटावर उतरली होती. आणि सातव्या पायरीवर तुटली होती. पुढं काळं पाणी. नकाशात नदी काळी का दाखवतात, कोण जाणे.

“आणि त्याच्या पुढचं?” आईनं विचारलं.

“पुढं नाही, काकू. मशीननं सहा वर्षांचं सगळं शहर चाळलं. ऋतुजाचं पाऊल त्यानंतर कुठंच नाही.”

आण्णा, ओजूचे वडील, बागवान मॅडमच्या बुटांकडं बघत बसले होते. माणूस भेटलं की आण्णा आधी त्याच्या पायांकडं बघायचे. चेहरा काय, पाहुण्यांपुढं एक आणि घरात एक. पाय बिचारा लगेच खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

ओजूला खुर्चीत बसवेना. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली, पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली. पाऊलशोध केंद्रात अर्ज करायची कटकट घरात तिनंच लावली होती. रोज जेवताना, रोज वेणी घालताना. ताई गेली तेव्हा ओजस्वी नऊ वर्षांची होती. आता पंधराची, दहावीत. सहा वर्षं घरात ताईचं नाव निघालं की कुणीतरी भांडी घासायला उठायचं. म्हणून तर तिला हवं होतं, एकदाचं काय ते कळावं. आणि हे असं कळलं.

केंद्र सुरू होऊन चारच महिने झाले होते, पण ओजूनं त्याबद्दल वाचायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. गोष्ट तशी सोपी. रस्त्याखाली इंटरनेटची काचेची तार असते, केसाएवढी बारीक. तिच्या एका टोकातून प्रकाश सोडला की काचेतल्या बारीकबारीक दोषांवर आपटून त्यातला कणभर मागं परततो. वर कुणी चाललं की जमीन थरथरते, जमीन थरथरली की तार ताणली जाते, आणि तार ताणली की परतणारा प्रकाश किंचित बदलतो. म्हणजे तारेचा प्रत्येक हातभर तुकडा हा एकेक कान! गंमत अशी, की काच अगदी निर्दोष असती तर प्रकाश सरळ निघून गेला असता आणि तार ठार बहिरी राहिली असती.

शहराच्या पोटात असे लाखो कान पसरले होते ते फुटके पाइप शोधायला. पाणी कुठं गळतंय ते तारेला ऐकू यायचं. पण कानाला नुसतं पाणीच ऐक म्हटलं तर तो थोडाच ऐकणार? त्यात ट्रक आले, वराती आल्या, गणपतीतले ढोल आले आणि माणसांची पावलं आली. सगळं साठत गेलं. मग कुणा संशोधकांनी मशीनला त्यातली पावलं वेगळी करायला शिकवली. टाच किती जोरात पडते, चवडा किती वेळानं टेकतो, डाव्या-उजव्यात किती फरक. दोन माणसांची चाल कधी सारखी नसते.

हे ऐकून आण्णा हसले होते. “एवढं कळायला मशीन कशाला पायजे? चप्पल उलटी कर आन् बघ. टाच भाईरनं झिजली तर माणूस घाईचा, आतनं झिजली तर भित्रा.”

मशीनला फक्त एक नमुना द्यायचा होता: हरवलेलं माणूस नक्की कुठं, किती वाजता चाललं होतं ते. ते अवघड नव्हतं. ताई रोज सकाळी सात दहाला कॉलेजला निघायची, बोळातनं. तिची दोनशे सकाळींची पावलं तारेत जशीच्या तशी होती. अर्जात आणखी एक रकाना होता, ‘चालण्यात काही दोष?’ आण्णांनी स्वतः सांगितलं होतं, “नाही.” ओजूनं टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘नाही’.

“पोलीस आता फाइल बंद करतील,” बागवान मॅडम हळूच म्हणाल्या. “घाटावर सापडलेल्या चपला जुळवणीसाठी आमच्याकडं आल्या होत्या. त्या घेऊन जा.” त्यांनी सीलबंद पाकीट पुढं केलं.

आईनं ते घेतलं, पदराखाली धरलं आणि म्हणाली, “माझी पोरगी या काठावरनं त्या काठाला पोहत जायची. ती काय पाण्यात बुडती व्हय? तुमच्या मशीनला सांगा.”

*

पाकीट आईच्या कपाटात गेलं, साड्यांच्या खाली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ओजूला अभ्यास सुचेना. आई दुकानात गिऱ्हाइकांना चपला दाखवत होती, आण्णांची ठोकठोक चालू होती. ओजूनं कपाट उघडलं. मग पाकिटाचं सील तोडलं.

ताईच्या चपला! लाल वेणीच्या, टाचेला पितळी ठिपका. आण्णांनी ताईसाठी केलेल्या चपला दुकानात कधी मांडल्या जायच्या नाहीत, आणि ओजूला त्या घालायला बंदी असायची. ‘दुसऱ्याच्या चपलेत पाय घालू नये, पाय बिघडतो.’ आता कोण बघतंय? तिनं पाय सरकवले. माप बरोब्बर बसलं. नऊ वर्षांची ओजू पंधरा वर्षांची होऊन ताईच्या मापाला आली होती, आणि हे दाखवायला ताई नव्हती. तिला रडू येणार होतं, पण त्याआधी तिनं एक पाऊल टाकलं.

आणि ती लंगडली.

तिला वाटलं, पट्टा तुटला. खाली बघितलं, चपला धडधाकट. पुन्हा चालली. ठप, टक. ठप, टक. उजवा पाय खड्ड्यात पडल्यासारखा, डावा ओट्यावर ठेवल्यासारखा. खोलीभर चालून बघितलं. आरशासमोर चालून बघितलं. कंबर एका बाजूला जात होती.

बाहेरून दोन्ही तळ सारखेच जाड होते. तिनं कंपासपेटीतली पट्टी काढली आणि आतून मोजलं. उजव्या चपलेचा तळ आतून कोरून खोल केला होता, तोही इतक्या सफाईनं, वरून चामड्याचा असा पातळ थर चिकटवून, की पाय घातल्याशिवाय कळूच नये. फरक पाऊण इंचाचा. बाहेरून जुळ्या बहिणी, आतून एक उंच, एक बुटकी!

सरळ पायांची ओजू या चपलांत लंगडत होती. म्हणजे जी या चपलांत सरळ चालायची ती...

आणि मग सहा वर्षांपूर्वीच्या किती गोष्टी धडाधड अंगावर आल्या. ताईला फरशीचं गार सोसत नाही म्हणून ती घरातसुद्धा सपाता घालायची. त्या सपाताही आण्णांनीच केलेल्या. ताई अंबाबाईच्या देवळात कधी यायची नाही. ‘कॉलेजात जाऊन नास्तिक झाली’ म्हणून आत्या नाक मुरडायची. देवळात चपला बाहेर काढाव्या लागतात हे आत्याला कधी सुचलं नाही. ओजूलाही नाही. पोहायला मात्र ताई सगळ्यात पुढं. पाण्यात कुणाचा पाय केवढा, कोण मोजतंय?

*

दुकानात आण्णा मांडी घालून, दगडी पाट्यावर चामडं ठेवून रापीनं कड तासत होते. ओजू आतल्या दारातून आली. ठप, टक.

आण्णांची रापी थांबली. वर न बघता म्हणाले, “ऋतूच्या चपला काढ.”

“आण्णा, ताई लंगडत होती?”

“न्हाई.”

“खोटं बोलू नका की!”

“माझ्या चपलेत न्हाई लंगडत ती.” आता त्यांनी वर बघितलं. “तीन वर्षांची होती. जिन्यावरनं पडली. हाड सांधलं, पण वाढायचं थांबलं. डॉक्टर म्हणाले, पाय आखूड राहणार. मी म्हटलं, तुम्ही डॉक्टर असाल, मी व्हटकर हाय. पाच वर्षांची असताना पहिला जोड केला. बोळातनं पळत गेली, ओजू! पळत! तवापासनं कुणाला कळलं? सांग. तुला कळलं?”

त्यांच्या आवाजात अजूनही अभिमान होता. त्याचाच ओजूला संताप आला.

“अर्जात तुम्ही ‘दोष नाही’ म्हणालात!”

“मग? माझ्या चपलेत नव्हताच की.”

“पण तिनं चपला घाटावर काढल्या ना! मशीन तुमच्या चपलेचं पाऊल हुडकायलंय, आण्णा! ताईचं पाऊल कुणी हुडकलंच नाही!”

बाहेर चपला बघणाऱ्या दोन बायका वळून बघायला लागल्या. आई दारात आली, बायकांना म्हणाली, “उद्या या, आज बंद हाय,” आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. तिच्या चेहऱ्याकडं बघून ओजूला कळलं, हिलाही सगळं माहीत होतं. आईलाच माहीत नसणार?

“सांग तिला,” आई आण्णांना म्हणाली. “आदल्या दिवशीचं सांग.”

“काय सांगायचं त्यात.”

“मग मी सांगते. निपाणीचं स्थळ आलं होतं, ओजू. मुलगा बघायला येणार होता. आता कांदेपोहे घेऊन चपला घालून कोण जातंय? अनवाणी जावं लागतं. तर तुझ्या आण्णांनी बाहेरच्या सोप्यात खडूनं खुणा केल्या. आतल्या दारापासनं पाहुण्यांच्या खुर्चीपर्यंत. दहा पावलं. म्हणाले, डावी टाच उचलून चाल, हळू चाल, लाजल्यासारखी. दहा पावलं तर चालायची हायत, कुणाला कळत न्हाई. दुपारभर चालवली तिला. हातात रिकामा ट्रे.”

“तिच्या भल्यासाठीच की,” आण्णा पुटपुटले.

“ती काय म्हणाली, ते सांगा.”

आण्णांनी रापी पाट्यावर ठेवली. मग म्हणाले, “म्हणाली, ‘आणि अकरावं पाऊल, आण्णा?’”

*

ओजू आईआण्णांना घेऊन पुन्हा केंद्रात गेली. मशीननं अनवाणी पाऊल का शोधलं नाही, याचं उत्तर बागवान मॅडमकडं होतं. “घाट आहे तो, बाळा. संध्याकाळच्या वेळी तिथं शेकड्यानं माणसं चपला काढतात. त्यातलं ऋतुजाचं कुठलं, हे मशीनला कसं कळणार?”

“आता कळेल,” ओजू म्हणाली. “सहा बेचाळीसनंतर, सातव्या पायरीपासून सुरू होणारं. अनवाणी. डावा पाय पाऊण इंच आखूड.”

बागवान मॅडमनी एकदा ओजूकडं, एकदा आण्णांकडं बघितलं. आण्णा मान खाली घालून म्हणाले, “व्हय. आखूड हाय.” एवढे तीन शब्द बोलायला त्यांना वीसहून जास्त वर्षं लागली होती.

मशीनला चार मिनिटं लागली. ओजूनं तेवढ्यात खोलीत किती फेऱ्या मारल्या याचा हिशेब खालच्या तारेलाच ठाऊक.

“आहे,” बागवान मॅडम म्हणाल्या. त्यांचाही आवाज बदलला होता. “एकच आहे.”

पडद्यावर नवी माळ उमटली, केशरी. सातव्या पायरीपासून. ती पाण्याकडं गेलीच नाही! पायऱ्या चढून वर आली, गंगावेशीला लागली. मॅडमनी आवाज चालू केला. तारेला काय ऐकू येतं ते माणसाच्या कानाला कळेल असं करून ऐकवायची सोय होती. टप... टप्. टप... टप्. एक लांब, एक तोकडं. गर्दीत, रहदारीत, उघड्या पायांनी, अजिबात न लपवता चाललेलं पाऊल. घाबरत नव्हतं, घाई करत नव्हतं.

आईनं तोंडावर पदर धरला. आण्णा डोळे मिटून ऐकत होते.

“ही तिची चाल मी कधी ऐकलीच न्हाई,” ते म्हणाले.

पावलं एसटी स्टँडवर गेली आणि तिथं संपली. बसमध्ये चढलेल्या माणसाला पावलं नसतात.

“म्हणजे ती गेली,” ओजू ओरडली. “स्वतःच्या पायांनी गेली! जिवंत आहे!”

“थांब,” बागवान मॅडम म्हणाल्या. “हा नमुना आता खरा मिळालाय. सहा वर्षांतून फिरवते.”

यावेळी अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात आईनं चार देवांना नवस बोलून घेतले. मग पडद्यावर तीन छोट्या केशरी माळा आल्या. तीन वेगवेगळ्या वर्षांतल्या, तीन वेगवेगळ्या दिवसांच्या. तिन्ही एसटी स्टँडपासून सुरू होत होत्या आणि तिन्ही एकाच ठिकाणी थांबत होत्या. ओजूनं बोट ठेवलं. दिव्याचा खांब. त्यांच्या बोळातला. दुकानासमोरचा, जरासा अलीकडचा.

आई उठून पडद्याजवळ गेली.

“ती घरी आली होती?” तिनं विचारलं.

“खांबापर्यंत. मग मशीनला काही ऐकू येत नाही. उभ्या माणसाला आवाज नसतो. हे बघा, पहिल्या वेळी दोन मिनिटं काहीच नाही. दुसऱ्या वेळी नऊ. मग परत फिरली. आणि ही शेवटची, गेल्या वर्षीची. सतरा फेब्रुवारी, दुपारी चार वीस. इथं बाजूनं आणखी कुणाची तरी पावलं गेलीत. ती राखाडी दिसतात, इतरांची नावं आम्हाला दाखवता येत नाहीत.”

राखाडी पावलं खांबाजवळून सुसाट गेली होती. धाव, धाव, धाव, आणि मग मोठी मोकळी जागा. उडी. खांबाजवळच्या गटाराच्या फरशीवरून रोज शाळेतून येताना जी उडी मारते ती मुलगी अख्ख्या बोळात एकच होती.

ओजूला कुणी नाव सांगायची गरज नव्हती. हातभर अंतर! ताई तिथं उभी होती आणि ती हातभर अंतरावरून उडी मारून पळाली होती, दप्तर खडखडवत, बहुतेक भूक लागली म्हणून. सतरा फेब्रुवारीला काय होतं? तिनं डोकं खाजवून खाजवून आठवलं. काहीसुद्धा नव्हतं. साधा दिवस होता. खांबाशी कोण होतं? आठवेना. कुणीतरी बाई असेल. बायका उभ्या असतातच.

“पुढं काय करायचं?” तिनं मॅडमना जवळजवळ हलवलंच. “आता ती कुठाय?”

मग त्यांनी नियम सांगितला. शहराची तार केंद्राच्या हातात होती, पण राज्यभरातल्या तारांना विचारायचं तर ‘जागता शोध’ सुरू करावा लागतो. त्यावर अर्जदाराची संमती लागते, आणि अर्ज आण्णांच्या नावावर होता. एकदा ती दिली की हे पाऊल महाराष्ट्रात कुठंही पडलं तरी अर्ध्या तासात जवळच्या ठाण्याचे पोलीस तिथं पोचतात. संमतीची मुदत तीस दिवस. नाही दिली तर फाइल बंद.

“द्या,” आई म्हणाली. “आत्ता द्या. कुठं सही करायची?”

आण्णा म्हणाले, “दोन दिवस विचार करू.”

मग घरी येईपर्यंत आई त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. आणि त्यानंतर महिनाभरही नाही. ‘ओजू, तुझ्या बापाला सांग, जेवायला बस,’ असं सगळं ओजूमार्फत.

*

आता खरी गोष्ट अशी होती, की आण्णांची संमती म्हणजे आण्णांच्या फोनवर येणारा सहा आकडी नंबर, आणि आण्णांच्या फोनवर येणारे सगळे नंबर गेली तीन वर्षं ओजूच टाकत आली होती. वीजबिलाचे, गॅसचे, चामड्याच्या ऑर्डरचे. म्हणजे ठरवलं तर तीस सेकंदांचं काम!

सव्वीस दिवस ती हे डोक्यात घेऊन हिंडली. वर्गात बाईंनी नाव घेतलं तरी ऐकू येत नव्हतं. बाकाखाली पाय सारखे हलायचे, शेजारची गार्गी म्हणाली, “तुला मुंग्या आल्यात काय गं?” दाबायचं. नाही दाबायचं. दाबायचंच, आई रोज खांबाकडं बघत भाजी निवडते. पण आण्णा का थांबलेत? भित्रे आहेत, दुसरं काय. लोकांना कळेल म्हणून. अजूनही!

सत्ताविसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, आण्णांचा फोन दगडी पाट्याशेजारी पडला होता आणि आण्णा चामडं भिजत घालायला मागं गेले होते. ओजूनं तो उचलला. अर्ज उघडला. ‘संमती द्या’ दाबलं. नंबर आला. तिनं पाच आकडे टाकले.

सहाव्या आकड्याआधी पडद्यावर खाली एक चौकट उघडली. ‘आपल्या संमतीनंतर खालील सूचना राज्यातील सर्व पोलीस ठाण्यांत आणि चौकांतील फलकांवर प्रसिद्ध होईल.’

*बेपत्ता. ऋतुजा दिनकर व्हटकर. वय २७. ओळखखूण : लंगडी. दिसल्यास रोखून ठेवावे.*

ओजूचा अंगठा हवेतच राहिला.

तिला चौक दिसले. पुण्याचे, नाशकाचे, सोलापूरचे. आणि त्या फलकांखालून टप... टप् करत चाललेली ताई, आणि मागं वळून बघणारी माणसं. आण्णांनी सोळा वर्षं जे चामड्यात दडवलं ते एका रविवारी सगळ्या राज्याच्या डोक्यावर लावायचं, आणि ते तिनं लावायचं, जिनं स्वतः त्या चपला घालून बघितल्या होत्या. ताईला पकडून आणता आलं असतं. पण खांबापर्यंत तीनदा ती आपली आपण आली होती. रोखून ठेवलेलं माणूस पुन्हा कधी खांबापर्यंत येईल?

“टाकलास काय नंबर?” आण्णा मागं उभे होते, ओल्या हातांनी.

ओजू दचकली नाही. तिनं फोन त्यांच्यापुढं धरला. आण्णांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. एक शब्द आला तिथं त्यांचं बोट थांबलं.

“मी भित्रा हाय, असं वाटत असंल तुला.”

“वाटत होतं.”

“हायच मी.” त्यांनी फोन उलटा करून पाट्यावर ठेवला. “ओजू, खांबापास्नं आपला उंबरा किती लांब हाय? तिच्या पावलानं?”

ओजूला माहीत होतं. केंद्रातून आणलेला नकाशा तिनं पाठ केला होता. “अकरा पावलं.”

आण्णा हसले का रडले ते कळलं नाही. ते खाली बसले आणि कपाटातून चामड्याचा सगळ्यात चांगला तुकडा काढला.

*

जोड व्हायला तीन दिवस लागले. तेवढ्यात मुदतही संपली. फोन एकदा गुरगुरला आणि फाइल बंद झाल्याचं सांगून गप्प झाला. आईनं तो आवाज ऐकला, ओजूकडं बघितलं आणि पहिल्यांदा आण्णांना थेट म्हणाली, “पोरीला परत न्हाई आणलीत, तर मी तुमच्या हातचं पाणी पिणार न्हाई.”

“आणायची न्हाई तिला,” आण्णा म्हणाले. “यायची वाट मोकळी करायची.”

नव्या चपलांची वेणी लालच होती. पण यावेळी काही कोरलं नव्हतं, काही दडवलं नव्हतं. डाव्या चपलेला खालून जास्तीचा तळ, पाऊण इंचाचा, कडेनं पिवळ्या दोऱ्याची टीप, लांबून कुणालाही दिसेल अशी. बोळातल्या पोरानं विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, ही अशी का.

दुपारी चारला आण्णा उठले. काखेत दगडी पाटा, हातात आरी-रापीची पिशवी, वर नवा जोड. उंबऱ्यावर उभे राहिले. मग भर बोळात, शेजारच्यांच्या देखत, मोठ्यानं मोजत चालायला लागले. आणि ओजूनं बघितलं, ते डावं पाऊल तोकडं टाकत होते. ऋतूच्या पावलानं चालत होते.

“एक. दोन. तीन.”

“दिनकरराव, पायाला काय झालं?” समोरच्या पानवाल्यानं विचारलं.

“माझ्या थोरल्या पोरीची चाल हाय ही,” आण्णा म्हणाले. “चार. पाच.”

दहाव्या पावलाला ते थांबले. पाटा खाली ठेवला, मांडी घातली, जोड समोर मांडला आणि तिथंच, रस्त्याच्या कडेला, कामाला बसले. त्यांच्यात आणि खांबात एका पावलाची जागा उरली.

“पाऊस आल्यावर काय करशीला?” आईनं दारातून विचारलं. आवाज कडकच होता.

“छत्री दे की.”

आईनं छत्री दिली नाही. चहा दिला. पण दहा पावलं चालत येऊन दिला.

तेव्हापासून आण्णा तिथंच बसतात. गिऱ्हाइकं त्या जोडाचं विचारतात. आण्णा सांगतात, विकायचा न्हाई, माप दिलेलं हाय. ओजू शाळेतून अजून पळतच येते, पण गटाराच्या फरशीपाशी आता उडी मारत नाही. ती एका पावलाची जागा वळसा घालून ओलांडते, तिच्यावर पाय देत नाही. आणि खांबापाशी कुणीही उभं असलं की थांबते. आधी त्याच्या पायांकडं बघते, मग चेहऱ्याकडं.